दुबईचा खजूर आणि ठाण्याची मुदत

माझ्याकडे नवा अशील आला की मी त्याला पाणी द्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. कधी?

किती बुडाले, कुणी बुडवले, विश्वासघात कसा झाला, हे ऐकायला मी बसलेलीच असायचे. पण आधी कधी. माल कधी दिला, पैसे कधी द्यायचे ठरले, शेवटचं काही लिहून कधी घेतलं. लोकांना राग यायचा. एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "मी इथे रडतेय आणि तुम्ही तारखा विचारताय." मी म्हटलं, "तारीख निघून गेली असेल तर आपण दोघी मिळून रडू. आधी सांगा."

भाईंदर पश्चिमेला एका फरसाणवाल्याच्या वरच्या पोटमाळ्यावर माझं ऑफिस होतं. दिवसभर खालून पापडीचा वास वर यायचा आणि तो फायलींना लागायचा. मीरा-भाईंदरला तेव्हा स्वतःचं कोर्ट नव्हतं, त्यामुळे दावा लावायचा तर ठाणे. घोडबंदरच्या रस्त्याने बसमधून गचके खात जायचं, तारीख पडली की तसेच गचके खात परत यायचं. वकिलीत मी नाव किती कमावलं ते लोकांनी ठरवावं, कंबरदुखी मात्र नक्की कमावली.

बाहेरच्या माणसासाठी माझा धंदा थोडक्यात सांगते. उधारीचे पैसे कोर्टातून वसूल करायचे तर त्याला मुदत असते. साधारणपणे पैसे द्यायची तारीख आल्यापासून तीन वर्षं. त्यात दावा लावला तर ठीक, नाहीतर तुमचं म्हणणं कितीही खरं असो, कोर्ट दार उघडत नाही. गंमत म्हणजे समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी कोर्टाला तो स्वतःहून बघावा लागतो. मात्र मुदत टळली म्हणून देणं मरत नाही. ते असतंच. फक्त मागायला कोर्टात जाता येत नाही. हे समजावताना माझा घसा बसायचा. एका गृहस्थांनी आपल्या कर्जाला तीन वर्षं पूर्ण झाली म्हणून मला पेढे आणून दिले होते. मी त्यांना म्हटलं, अहो, तुम्ही सुटलात कोर्टातून, देण्यातून नाही. त्यांनी आणखी एक पेढा पुढे केला. पेढे चांगले होते.

दुसरा घोळ म्हणजे कुठली मुदत. आमच्याकडे व्यापारी सगळीकडचे. कुणी सुरतेहून साड्या आणलेल्या, कुणी जयपूरहून खडे. येऊन विचारायचे, "मॅडम, सौदा तो उधर हुआ था, तो उधर का टाइम लगेगा ना?" मी सांगायचे की मुदतीचा कायदा सगळ्या देशाला एकच आहे, सुरतेत गेलात म्हणून वर्ष वाढत नाही. अपवाद त्या काळी एकच होता, काश्मीर. तिथला मुदतीचा कायदा तेव्हा वेगळा होता. आता तसं राहिलं नाही. पण मी सांगतेय ती गोष्ट तेव्हाची आहे, आणि ती नेमकी त्या अपवादावर येऊन बसली.

जनार्दन भोईर राई गावचे. तिथली जुनी शेतकरी मंडळी. खाडीकडची थोडी जमीन बिल्डरला गेली, तेव्हा मिळालेल्या पैशांत बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, यांनी भाईंदर पूर्वेला गाळा घेतला आणि स्टीलची भांडी काढायला सुरुवात केली. तरुणपणी दुसऱ्याच्या कारखान्यात प्रेसवर राबलेले, त्यामुळे काम हातात होतं. डबे, ताटं, वाट्या. भोईरांचा डबा जमिनीवर आपटला तरी त्याचं झाकण हलायचं नाही. हे ते स्वतः आपटून दाखवायचे, माझ्या टेबलावरसुद्धा.

ते माझ्याकडे आले तेव्हा मात्र काही आपटलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, काश्मीरवाल्याकडं पैसे अडकलेत."

"कधीपासून?"

"जाम झाली. चार वर्सां तरी हाय."

मी पेन खाली ठेवलं. तरी सगळं ऐकून घेतलं, कारण माणूस घाबरलेला दिसत होता.

नझीर अहमद नावाचा श्रीनगरचा माणूस दर हिवाळ्यात मीरा रोडला खोली घेऊन राहायचा आणि शाली विकायचा. राईतही यायचा. पहिल्या वर्षी भोईरांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, त्याला ओटीवर बसवून पाणी दिलं, दुसऱ्या वर्षी जेवायला वाढलं, आणि मग तो घरचाच झाला. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण त्याला एवढं आवडायचं की मंजुळाबाई त्याच्या खोलीवर डबा पाठवायच्या. डबा अर्थातच भोईरांच्या कारखान्यातला, झाकणावर मंजुळाबाईंचं नाव घातलेला. आपल्याकडे शेजारचा डबा कुणी रिकामा परत करत नाही, हे त्यांनी त्याला एकदा सांगितलं. त्यानंतर तो डबा कधी अक्रोड, कधी सुके जर्दाळू भरूनच परत यायचा.

या नझीरने श्रीनगरला मेहुण्याबरोबर भांड्यांचं दुकान काढायचं ठरवलं. भोईर नवराबायको त्याच्याकडे पाहुणे म्हणून गेले होते, तेव्हा तिथेच त्याच्या घरी बसून सौदा झाला. माल भोईरांनी उधारीवर पाठवायचा, पैसे पुढच्या हिवाळ्यात भाईंदरला येऊन द्यायचे. भोईरांनी स्टीलचा पत्रा उधारीवर उचलला, दोन शिफ्ट चालवल्या, ट्रक भरून माल पाठवला. दुकान चाललं नाही. बाजार बंद असायचा त्या दिवसांत उघड्यापेक्षा जास्त. हिवाळ्यात नझीर आला आणि म्हणाला, थोडा टाइम दो भाईजान. दिला. पुढे दोन हिवाळे आलाच नाही. मग आला, पुन्हा टाइम मागितला. आणि आता पुन्हा एक हिवाळा तसाच गेला होता.

"मधे काही लिहून घेतलं? एखादी चिठ्ठी? उरलेले अमुक देणं आहे, खाली सही?"

भोईर माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी त्यांना काही वाईटसाईट करायला सांगितलं.

"माझे घरी जेवाला बसलाय मानूस. त्याचे पुढं कागद धरू?"

"जेवण झाल्यावर धरायचा होता."

"हात धुतल्याव? न्हाय मॅडम. आमच्यात तसा न्हाय करत."

आता सांगा, यावर काय बोलायचं. त्या एका सहीने मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती. माझ्या सबंध वकिलीत मी हेच पाहिलं. अनोळखी माणसाकडून लोक चार सह्या घेतात, आणि ज्याच्यावर जीव टाकतात त्याच्याकडून एक घेत नाहीत. मग बुडतात ते जीव टाकलेल्या ठिकाणी.

पत्रावाला आता थांबायला तयार नव्हता. त्याने भोईरांवर आधीच दावा लावलेला. दोन प्रेसमधली एक विकून झाली होती. दुसरी विकली की गाळा विकायचा, आणि गाळा विकला की भोईरांनी साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं. जमीन तर केव्हाच गेली होती. हे सगळं त्यांनी खाली बघत सांगितलं आणि मग एकदम वर बघून म्हणाले, "पन मना बाजारात एकान सांगितला. सौदा काश्मीरला झाला, तर काश्मीरची मुदत लागते. ती लांब हाय म्हनतात."

"किती लांब?"

"त्याना पन म्हाईत न्हाय."

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते, कारण मुद्दा तोच आहे. घड्याळ कोर्टाचं असतं. सौदा कुठे झाला, माल कुठे उतरला, याला महत्त्व आहे, पण ते दावा कुठे लावता येईल हे ठरवण्यापुरतं. एकदा ठाण्याच्या कोर्टात दावा लावला की ठाण्याच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचं. आपण जेवायला ज्याच्या घरी जातो त्याच्या घरच्या वेळेला पान मांडलं जातं, आपल्या घरच्या नाही. काश्मीरचा कायदा बाहेरचा धरला जायचा आणि तिथल्या सौद्याचा दावा इकडे आणला तर इकडचीच मुदत लागायची, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

"मंग श्रीनगरला दावा लावू?"

"लावा. वकील तिथला, भाषा तिथली, दर तारखेला जाऊन या. प्रेस विकून येणारे पैसे तिकिटात जातील."

ते उठले. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं. मी खिडकीतून पाहिलं, ते फरसाणवाल्याच्या पुढे उगाच उभे राहिले, काही घेतलं नाही, आणि गेले.

माझा स्वभाव तसा हळवा वगैरे नाही. पण तो माणूस डोक्यातून जाईना. पत्रावाल्याच्या दाव्यात तरी त्यांच्या बाजूने उभं राहावं, हप्ते बांधून मागावे, म्हणून कागद बघायला मी राईला त्यांच्या घरी गेले. मंजुळाबाईंनी चहा केला. ठसठशीत बाई, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. नवऱ्यावर भडकलेल्या होत्या, पण नझीरवर नाही.

"तो तसा न्हाय हो. दुकान बुडला त्याचा, त्याला त्यो काय करील? माझा डबा घेऊन गेलेला गाडीत खायाला, भाकऱ्या दिलेल्या मी. मना वाटला गेला आता डबा. पन इतक्या वर्सांनी आनून दिलान, आनि तो पन रिकामा न्हाय. खजूर होता भरून. काय खजूर होता! लोन्यासारका. आपल्या बाजारात तसा भेटत न्हाय."

मी बशी खाली ठेवली.

"खजूर? काश्मीरला खजूर कुठला?"

"काश्मीरचा कुठला," भोईर कंटाळून म्हणाले. "दुबईचा. तो दुबईला व्हता ना, गालिच्याच्या दुकानात. कर्ज फेडाला गेलेला."

"किती दिवस?"

"दोन वर्सां. जरा जास्तीच."

"भोईर, हे तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमी तारीक विचारली. तो कुठं व्हता ता कुठं विचारला?"

खरं होतं. मी इतकी वर्षं "कधी" विचारत आले आणि "कुठे" विचारायचं विसरले. कायद्यात एक छोटीशी सोय आहे, जिचा उपयोग करायची वेळ माझ्यावर तोपर्यंत आली नव्हती. देणेकरी जितका काळ भारताबाहेर असेल, तितका काळ मुदतीत धरायचा नाही. घड्याळ थांबतं. माणूस परत आला की पुन्हा चालू. म्हणजे नझीर दोन वर्षं दुबईत होता, ती वजा केली की भोईरांची मुदत अजून शिल्लक होती. ऐसपैस शिल्लक होती.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा भोईरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंजुळाबाईंनी मात्र विचारलं, "म्हंजे त्याला कोर्टात उभा करनार?"

"गाळा वाचवायचा असेल तर, हो."

त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या.

दावा लागला. पुढच्या हिवाळ्यात नझीर आला तेव्हा समन्स त्याच्या मीरा रोडच्या खोलीवर बजावलं गेलं. त्याच्या वकिलांना मी इथे नुसतं समोरचे वकील म्हणते. मुरलेले होते. त्यांनी जबाबात लिहिलं की सौदा श्रीनगरला झाला, सबब तिथलाच कायदा लागतो आणि त्याप्रमाणे हे देणं संपलेलं आहे. मला हसू आलं. भोईरांना काश्मीरचा कायदा पाहिजे होता जगण्यासाठी, यांना तोच पाहिजे होता मारण्यासाठी, आणि दोघांपैकी कुणी तो धड वाचलेला नव्हता. मी मागवून वाचला. पण त्यात शिरायची गरजच नव्हती. बाहेरच्या कायद्याचा बचाव इकडे चालायला दोन गोष्टी लागतात. त्या कायद्याने नुसता दावा अडवून भागत नाही, देणंच मुळापासून पुसलेलं असावं लागतं, आणि त्या सगळ्या काळात दोन्ही पक्षांचं कायमचं घर तिथे असावं लागतं. भोईरांचं कायमचं घर राईत. त्यांनी आयुष्यात काश्मीर पाहिलं ते एकदाच, पाहुणे म्हणून. तो मुद्दा तिथेच आडवा झाला.

उरला दुबईचा. आणि तिथे मी अडकले, कारण जबाबात दुबईही सरसकट नाकारली होती आणि माझ्या हातात पुरावा शून्य. पासपोर्ट हजर करावा म्हणून अर्ज दिला, तर उत्तर आलं की हरवलाय. भोईर सांगतील तो दुबईला होता, पण ते ऐकीव. खजूर खाऊन संपलेला. आणि असता तरी काय, खजूर क्रॉफर्ड मार्केटलाही मिळतो. सगळं एका माणसाच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि ते तोंड समोरच्या वकिलांनी नीट पढवलेलं होतं.

नझीरची साक्ष होती त्या दिवशी मंजुळाबाई कोर्टात आल्या. मी बोलावलं नव्हतं. नऊवारी नेसून, मागच्या बाकावर, हातात पिशवी धरून बसल्या. नझीर पिंजऱ्यात चढला. उंच, वाकलेला, दाढी पांढरी होत आलेली. त्याने त्यांना पाहिलं आणि नजर वळवली.

मी सरळ दुबई विचारली असती तर सरळ "नाही" आलं असतं. म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली.

"भोईरांच्या घरून तुम्हाला डबा यायचा?"

"जी. आता था."

"परत करायचात?"

"जी."

न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, दावा भांड्यांच्या बिलाचा आहे, जेवणाच्या डब्याचा नाही."

"दोन प्रश्न, साहेब." मी नझीरकडे वळले. "रिकामा परत करायचात?"

तो जरा दुखावल्यासारखा झाला. "ख़ाली डिब्बा कैसे लौटाता, मैडम? भाभी ने सिखाया था. इधर ख़ाली नहीं देते."

"मग शेवटच्या वेळी परत केलात तेव्हा डब्यात काय होतं?"

समोरचे वकील उठले, हरकत घेतली, संबंध काय म्हणाले. साहेब म्हणाले, संबंध मलाही कळत नाही, पण उत्तर तर येऊ द्या. कोर्टात पंखा कुरकुरत होता. नझीरने कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते. अक्रोड, असं तो म्हणू शकला असता. एक शब्द. त्याच्यावरचा दावा तिथेच संपला असता आणि भोईरांचा गाळाही. त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. मंजुळाबाई त्याच्याकडेच बघत होत्या, रागाने नाही, नुसत्या.

"खजूर," तो म्हणाला.

"कुठला?"

"दुबई का. मैं ख़ुद लाया था भाभी के लिए." आणि मग मी न विचारताच, "दो साल था मैं वहाँ. दो से ऊपर. पासपोर्ट घर में है, गुम नहीं हुआ."

समोरचे वकील खाली बसले. साहेबांनी टायपिस्टला वाक्य सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्या माणसाकडे थोडा वेळ बघत राहिले. मी "आणखी प्रश्न नाहीत" म्हटलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. वकिलाला असा क्षण फार वेळा मिळत नाही. पण मागे वळले तर मंजुळाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "माझा डबा तुमी कोर्टात नेलाव," म्हणाल्या.

"मंजुळाबाई, गाळा वाचला."

"ता मना समजतो. तरी पन नेलाव."

मी माझं काम केलं होतं आणि ते पुन्हा तसंच केलं असतं. तरी ते वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिलं.

निकालापर्यंत प्रकरण गेलंच नाही. नझीरने स्वतः सांगितलं, हप्ते बांधून द्या, मी फेडतो. कोर्टात तडजोड लिहिली, दोघांनी सह्या केल्या. ज्या सहीसाठी मी भोईरांवर चिडले होते ती शेवटी अशी झाली, जेवणाच्या ताटापाशी नाही, शिपायाने पुढे केलेल्या शाईच्या पेनाने. पहिला मोठा हप्ता नझीरने घरचे गालिचे विकून दिला. पत्रावाला त्यावर थांबला. प्रेस राहिली, गाळा राहिला.

पुढचे हप्ते तो माझ्या ऑफिसात आणून द्यायचा. दर हिवाळ्यात यायचा, जिना चढायचा, पैसे मोजून टेबलावर ठेवायचा, पावती घ्यायचा. राईला गेला नाही. मी एकदा म्हटलं, भोईरांचं घर काही लांब नाही. तो म्हणाला, "किस मुँह से जाऊँ?" भोईरांना म्हटलं, तुम्ही तरी बोलवा. ते म्हणाले, "कोर्टात उभा केला मी त्याला. आता जेवाला ये म्हनू?" दोघेही आपापल्या जागी गुन्हेगार होऊन बसलेले, आणि पावत्या माझ्याकडे. कायद्याने मी त्यांचे पैसे एकमेकांपर्यंत पोहोचवू शकत होते. त्याच्यापुढचं काही माझ्या पुस्तकांत नव्हतं.

शेवटचा हप्ता यायचा त्या सकाळी मंजुळाबाई जिना चढून वर आल्या. पहिल्यांदाच. धापा टाकत त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला. तोच, झाकणावर नाव घातलेला.

"त्याला द्या. गरम हाय तवर खा म्हनावा." आणि माझं उत्तर न ऐकता उतरून गेल्या.

नझीर आला. पैसे दिले, शेवटची पावती घेतली, घडी करून खिशात ठेवली. मी डबा पुढे सरकवला. त्याने झाकणावरचं नाव पाहिलं आणि कितीतरी वेळ उघडलाच नाही. मग माझ्या टेबलावर, फायली बाजूला सारून, जेवला. भाकरीचा शेवटचा तुकडा कालवण पुसून खाल्ला. मोरीत डबा धुतला, रुमालाने पुसला. मी हात पुढे केला, तर तो डबा छातीशी धरून म्हणाला, "आज मेरे पास कुछ है नहीं, मैडम. ख़ाली कैसे दूँ? ये मैं ले जाता हूँ. पहुँचा दूँगा."

"कधी?" माझ्या तोंडून निघून गेलं. सवय.

तो हसला आणि जिना उतरला.

पुढच्या हिवाळ्यात तो आला नाही. भोईर एकदा कुठल्याशा कागदासाठी आले तेव्हा चेष्टेने विचारून गेले, "मॅडम, डब्याचा दावा लावता येतो काय?" मीही चेष्टेने म्हटलं, "येतो. तीन वर्षांत लावा." पण उतरताना त्यांनी पुन्हा वळून विचारलं, "येईल ना पन तो?" तेव्हा ती चेष्टा नव्हती.

त्यापुढच्या हिवाळ्यात एका दुपारी फोन वाजला. मी जेवण करून पेंगत होते. मंजुळाबाईंचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता.

"मॅडम, डबा आला. भरून अक्रोड हाय. झाकान लागत न्हाय इतका भरलाय."

मी ताडकन सरळ बसले. "नझीर आला? कधी?"

"कधी काय विचारता?" त्या म्हणाल्या. "ह्यो काय, बसलाय जेवाला. फोन ठेवा, मना भाकरी वाढाची हाय."